नालबंदांच्या मुलाला सांगायचा इतिहास

आमच्या हजेरीपटावर ‘नालबंद’ आडनावाचा एखादा तरी विद्यार्थी दरवर्षी असतोच. आडनावाचा अर्थ विचारला की तो सांगतो, “आमचे दादा-परदादा घोड्यांना नाल मारायचे, सर.” त्यापुढचे त्याला ठाऊक नसते. खरे सांगायचे तर आम्हालाही फारसे ठाऊक नव्हते.

घोड्यांच्या वैद्यकाचा वारसा सामाईक आहे. संस्कृतात शालिहोत्राच्या नावाने अश्वशास्त्र रचले गेले. त्याच नावावरून उर्दूत जनावरांच्या वैद्याला ‘सालोतरी’ म्हणू लागले. अरबीत तो ‘बैतार’. नवव्या शतकात, अब्बासी खिलाफतीच्या काळात, इब्न अखी हिजाम यांनी घोडे आणि त्यांचे आजार यांवर ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात मिसरच्या सुलतान अल-नासिर मुहम्मद यांचे अश्ववैद्य अबू बक्र यांचा ‘नासिरी’ ग्रंथ झाला. रेख्तीचे शायर म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या सआदत यार खाँ ‘रंगीन’ यांनी उर्दूत फरसनामा लिहिला.

एवढी विद्या असूनही एका रोगापुढे सारे हतबल होते. तो म्हणजे ग्लँडर्स. ॲरिस्टॉटलने गाढवांच्या अशाच एका रोगाबद्दल लिहिले आहे : तो डोक्यापासून सुरू होतो आणि फुप्फुसात उतरला की जनावर जगत नाही. घोड्याच्या साध्या सर्दीला उर्दूत ‘कनार’ म्हणतात. ती बरी होते. ग्लँडर्स होत नाही. नाकातून चिकट, कधी रक्तमिश्रित स्राव वाहतो, आत व्रण पडतात, जबड्याखाली गाठी येतात, फुप्फुसात गाठी होऊन धाप लागते. गाढवे व खेचरे लवकर दगावतात. घोडा मात्र महिनोन् महिने वरवर धडधाकट दिसत राहतो आणि एकाच हौदावर पाणी पिणाऱ्या सोबत्यांना रोग देतो. खरारा करणाऱ्या माणसालाही देतो.

१८८२ साली बर्लिनमध्ये लोफलर आणि शुट्झ यांनी या रोगाचा जंतू शोधला. पुढे याच जंतूपासून ‘मॅलीन’ तयार झाले. ते टोचल्यावर रोगी घोड्याला सूज येते, ताप चढतो, आणि लपलेला रोग उघडा पडतो. मॅलीन शोधणाऱ्यांपैकी एक, कालनिंग, १८९१ मध्ये याच रोगाने मरण पावले. विद्येची किंमत कधी कधी अशी चुकवावी लागते. त्याच विद्येचा दुरुपयोगही झाला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मनीचा हस्तक अँटन डिलगर याने वॉशिंग्टनजवळच्या एका घरात हे जंतू वाढवले; दोस्त राष्ट्रांकडे जाणारे घोडे आणि खेचरे मारणे हा हेतू होता.

हिंदुस्थानात इंग्रज सरकारने १८९९ मध्ये ‘ग्लँडर्स अँड फार्सी’ कायदा केला. फार्सी म्हणजे याच रोगाचे कातडीवरचे रूप. फारसी भाषेशी त्याचा संबंध नाही! रोग ठरला की जनावर मारायचे, असा तो कायदा होता. तो २००९ च्या नव्या कायद्याने रद्द झाला, पण मारण्याचा उपाय तोच राहिला, कारण या रोगावर लस नाही. ब्रिटनने याच मार्गाने १९२८ पर्यंत रोग हद्दपार केला. आपल्याकडे मात्र २००६ साली महाराष्ट्रातच तो पुन्हा आढळला.

इथेच आमचे मन अडते. ज्याचे घर एका घोड्यावर चालते, त्याला “घोडा तपासायला आण” म्हणणे सोपे आहे. तपासणीत रोग निघाला तर त्याची रोजीच जाते. म्हणून तो वाहणारे नाक पुसतो आणि घोडा पुन्हा टांग्याला जुंपतो. त्याला गुन्हेगार म्हणण्याआधी त्याच्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळते का, हे विचारले पाहिजे. पण त्यालाही सांगितले पाहिजे की रोग लपवल्याने घोडा वाचत नाही. उलट त्याच तबेल्यात निजणारा आपला मुलगा धोक्यात येतो.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. नालबंदांची भट्टीही बहुतेक गावांत विझली. पण लग्नाच्या वरातीत, थंड हवेच्या ठिकाणी, वीटभट्टीवर घोडे-गाढवे आजही राबतात, आणि त्यांच्याजवळ आपलीच माणसे उभी असतात. शालिहोत्र आणि बैतार यांचा वारसा केवळ अभिमानाने सांगून भागणार नाही. पुढच्या वर्षी आडनावाचा अर्थ विचारताना आम्ही नालबंदांच्या त्या मुलाला हेही सांगणार आहोत.