श्वासाची राखण

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की रुग्णाचे नातलग शल्यविशारदाचे आभार मानतात. रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा श्वास राखणाऱ्या व्यक्तीचे नाव मात्र सहसा कुणी विचारीत नाही. आपल्याकडे हे काम भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर करतात. अमेरिकेत डॉक्टरांच्या जोडीने परिचारिकाही ते करतात आणि गेली जवळजवळ दीडशे वर्षे करीत आल्या आहेत. या परंपरेच्या आरंभी धर्मभगिनींची रुग्णालये उभी आहेत. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून लेकी-सुना परिचारिका झालेल्या आहेत. म्हणून हा इतिहास आपणही जाणून घ्यावा असा आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णाला ईथरची वाफ हुंगविली आणि शल्यविशारद जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया केली. वेदनेवर उपाय सापडला. पण त्याबरोबर नवा धोकाही आला. औषध कमी पडले तर रुग्ण मध्येच तळमळू लागे आणि अधिक झाले तर त्याचा श्वास थांबे. इतके जोखमीचे हे काम, तरी त्याला मान नव्हता आणि मोबदलाही तुटपुंजा होता. ते बहुधा शिकाऊ डॉक्टरावर सोपविले जाई आणि त्याचे लक्ष रुग्णाच्या श्वासापेक्षा शल्यविशारदाच्या हातांकडे अधिक असे. रुग्णावरून नजर न हलविणारी व्यक्ती शल्यविशारदांना हवी होती. अल्प वेतनात, दुय्यम स्थान पत्करून राहणाऱ्या स्त्रिया त्यांना सोयीच्या वाटल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील इरी या गावी सेंट व्हिन्सेंट रुग्णालय होते. तेथे १८७७ साली सिस्टर मेरी बर्नार्ड परिचर्या शिकण्यासाठी आल्या आणि वर्षभरातच भूल देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. भूल देणाऱ्या ज्या परिचारिकांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत, त्यांत त्यांचे नाव पहिले मानले जाते.

मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर गावावर १८८३ साली प्रचंड वादळ कोसळले. जखमींची शुश्रूषा करताना फ्रान्सिस्कन भगिनींच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोझ यांना गावात रुग्णालय असावे असे तीव्रतेने वाटले. त्यांच्या आग्रहातून १८८९ साली सेंट मेरीज रुग्णालय उघडले आणि तेथील शस्त्रक्रियांची धुरा डॉ. मेयो व त्यांच्या दोन पुत्रांनी वाहिली. या रुग्णालयात ॲलिस मगॉ ही प्रापंचिक परिचारिका भूल देत असे. तोंडावरील जाळीवर ईथरचा एकेक थेंब सोडायचा, रुग्णाशी हळुवारपणे बोलत त्याची भीती घालवायची आणि श्वास, नाडी व चेहऱ्याचा रंग यांवर अखंड लक्ष ठेवायचे, अशी तिची रीत होती. १९०६ साली तिने चौदा हजारांहून अधिक भुलींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू घडला नव्हता. हे काम पाहण्यासाठी दूरदूरचे डॉक्टर रोचेस्टरला येत.

काम मान्यता पावू लागले तसा त्याला विरोधही सुरू झाला. परिचारिकेने भूल देणे म्हणजे परवान्याविना वैद्यकी करणे होय, असा आक्षेप घेण्यात आला. केंटकी राज्याच्या अपील न्यायालयाने १९१७ साली तो फेटाळला. कॅलिफोर्नियात डॅगमार नेल्सन या परिचारिकेविरुद्ध काही डॉक्टरांनी दावा लावला. १९३६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. दरम्यान पहिल्या महायुद्धात ॲगाथा हॉजिन्स यांनी फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना भूल दिली व इतरांनाही ती विद्या शिकविली. १९३१ साली त्यांच्याच पुढाकाराने क्लीव्हलँड येथे या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९४५ साली संघटनेने पहिली प्रमाणपत्र परीक्षा घेतली.

पण स्वतः अन्याय सोसलेल्या या संघटनेचे दारही सर्वांना खुले नव्हते. कृष्णवर्णीय परिचारिकांना १९४४ साली आणि पुरुषांना १९४७ साली प्रवेश मिळाला. १९५८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या छातीत एका स्त्रीने धारदार शस्त्र खुपसले, तेव्हा हार्लेम रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकात गोल्डी ब्रँगमन ही कृष्णवर्णीय परिचारिका होती. श्वासाची पिशवी हाताने दाबून किंग यांचा श्वास चालू ठेवण्याचे काम तिने केले. १९७३ साली ती त्याच संघटनेची अध्यक्ष झाली.

आज अमेरिकेत या पदाला मोठी प्रतिष्ठा आहे. २०२३ सालच्या सरकारी आकडेवारीनुसार यातील निम्म्याहून अधिक जणांचे वार्षिक वेतन दोन लाख डॉलरच्या वर होते. पण वाट सोपी नाही. परिचर्येची पदवी, तेथील परिचारिकेचा परवाना, अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्यानंतर सुमारे तीन वर्षांचे शिक्षण, असा हा क्रम आहे. २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना हे शिक्षण डॉक्टरेटच्या पातळीवरच घ्यावे लागते. आपल्या मुली परिचर्येची पदवी घेऊन परदेशी जातात. त्यांच्यापैकी कुणाला पुढे शिकण्याची ओढ असेल, तर घरच्यांनी ही वर्षे वाया जात आहेत असे समजू नये.

सिस्टर मेरी बर्नार्ड यांना या कामाचे पद नव्हते, प्रमाणपत्र नव्हते. ॲलिस मगॉच्या हाताशी आजची यंत्रे नव्हती. कमी मोलाचे म्हणून हाती आलेले काम त्यांनी चोख केले, त्याची नोंद ठेवली, ते दुसऱ्यांना शिकविले. आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी त्यासाठी न्यायालयाची पायरीही चढली. पुढच्या पिढ्यांना मिळालेला मान या चार गोष्टींवर उभा आहे. यापुढे आपल्या घरचे माणूस शस्त्रक्रियागृहातून सुखरूप बाहेर येईल, तेव्हा त्याच्या उशाशी कोण होते, एवढे आपणही आवर्जून विचारावे.