सातबाऱ्यावर नसलेली माणसं

पळसदेवची म्हातारी माणसं जुन्या गावाचं सांगू लागली की सुरुवात पळसनाथाच्या देवळापासून होते. भीमाकाठचं ते दगडी देऊळ उजनीच्या पाण्यात आहे. एखाद्या उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं की ते उघडं पडतं आणि पुण्याहून लोक फोटो काढायला येतात. माझी आजी मात्र देवळापाशी थांबायची नाही. कुणी घराची तुळई उपसून गाडीत घातली, कुणाचं जोतं तसंच राहिलं, पैसे कुणाला मिळाले, इथवर ती यायची. "ज्याचा सातबारा त्याचा पैसा. आमी राबणारी."

"मग भांडला का नाहीत?" म्हटलं की उखडायची. बहात्तरचा दुष्काळ खडी फोडून काढलेला. पाण्याला नको म्हणायचं कोणत्या तोंडानं?

पुढं पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकताना अहिंसा आली ती चंपारण आणि दांडीच्या वाटेनं. मुळशीचा सत्याग्रह भेटला तो राजेंद्र व्होरांच्या पुस्तकात. व्होरा याच विभागात शिकवत. १९२१ च्या रामनवमीला, आमच्याच जिल्ह्यात, मावळे टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले होते. मुंबईला वीज हवी म्हणून त्यांचं भाताचं खोरं बुडणार होतं. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. १९२४ अखेर त्यांनी हत्यारं घेऊन कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षं तुरुंगात गेले.

एवढं शाळेतही सांगता आलं असतं (सांगत नाहीत, ते सोडा). व्होरा पुढं विचारतात: पुढारी कुठले, जमीन कुणाची, भरपाई कुणाच्या हातात पडली? पुढारी बरेचसे पुण्याचे. जमीनमालक नि सावकारांचं हित वेगळं, कसणाऱ्या मावळ्याचं वेगळं. ती पानं वाचताना आजीच बोलतेय असं वाटलं.

योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या अभ्यासकानं व्यवस्थेतच मुरलेल्या हिंसेची मांडणी केली १९६९ मध्ये. उजनीचं काम सुरू झालं तेही त्याच वर्षी. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये, धरण पुरं झालं १९८० मध्ये. म्हणजे माणसांचं काय करायचं हे भिंत अर्धी चढल्यावर कायद्यात आलं. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही धरणग्रस्तांची मागणी ऐकायला साधी वाटते. आमच्याकडं क्रम नेमका उलटा होता. यात कुणी कुणावर हात उगारला नाही. मला वाटतं, म्हणूनच त्याला कुणी हिंसा म्हटलं नाही.

आज त्याच पाण्यावर ऊस उभा आहे, भिगवणचा मासळीबाजार चालतो. धरण नकोच होतं असं म्हणणारा पळसदेवात सापडायचा नाही, मीही म्हणत नाही. पण कुळं, सालगडी, नदीवर पोट असलेले कोळी आणि कागदावर नाव नसलेल्या बाया यांना काय मिळालं, ते मला लिहून काढायचंय. ज्यांना विचारायचं ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत. एम.ए.चा प्रबंध वर्षभराचा असतो.