कंठहार आणि डेमलो संख्या

कागदावर 12345654321 ही संख्या लिहा. वाचताना ती 12 अब्ज 34 कोटी 56 लाख 54 हजार 321 होते, पण तिची गंमत वाचण्यात नाही, पाहण्यात आहे: एकापासून सहापर्यंत चढून ती पुन्हा एकावर उतरते. ती 111111 चा वर्ग. अवयव पाडले तर 3, 7, 11, 13 आणि 37 या पाचच मूळ संख्या मिळतात, प्रत्येक दोनदा.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्य या जैन पंडितांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यातल्या गुणाकाराच्या उदाहरणांत ही संख्या येते: 27994681 ला 441 ने गुणा. पहिली 5291 चा वर्ग, दुसरी 21 चा. म्हणून उत्तरही वर्गच. शेजारीच 12345679 गुणिले 9, म्हणजे ओळीने नऊ एके. अशा उत्तरांना आचार्य गळ्यातल्या हाराची उपमा देतात. हारही कोणत्याही टोकाकडून सारखाच दिसतो.

मी जैन, इथेच थांबून ‘सारे आमच्या ग्रंथांत होतेच’ म्हणण्याचा मोह मलाही होतो. पण तसे म्हटले तर देवळालीच्या एका शाळामास्तरांवर अन्याय होईल.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणू. शिक्षण फर्ग्युसनमध्ये, पदव्युत्तर पदवी नाही. 1930 ते 1962 देवळालीत शिक्षक. 165, 2553, 47773 यांत पहिला आणि शेवटचा अंक मिळवला की मधला अंक मिळतो, हे त्यांनी पाहिले आणि अशा संख्यांना ‘डेमलो’ नाव दिले. डेमलो हे आजच्या डोंबिवली स्टेशनचे जुने नाव. कल्पना तिथेच सुचली. 1, 121, 12321 हे वर्ग त्यांच्या मते ‘अद्भुत डेमलो’. आपली संख्या त्या ओळीतली सहावी. आचार्यांनी एक सुंदर हार दाखवला. कापरेकरांनी हारांचे कूळ शोधले. बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. 1975 मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. मास्तर तोवर सत्तरीचे!

महावीराचार्यांचा ग्रंथही उशिराच छापला गेला. 1912 मध्ये रंगाचार्यांनी तो इंग्रजी अनुवादासह मद्रासहून काढला. लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद 1963 मध्ये सोलापूरहून निघाला. बैहरला आपल्या मराठी घरांतली मुले हिंदीतून शिकतात, त्यांच्या हाती तो देता येईल.

कापरेकरांच्या ओळीत मात्र त्यांना एक खोच दाखवा. नऊ एक्यांपर्यंत वर्ग सरळ चढतो-उतरतो. दहा एक्यांचा वर्ग येतो 1234567900987654321. मधे हातचा आडवा येतो, आठ गायब होतो आणि हार तिथेच तुटतो.