खरजेचा किडा आणि सुई धरलेल्या बायका



गेल्या उन्हाळ्यात माझा नातू वसतिगृहातून सुट्टीला घरी आला तो अंग खाजवतच. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ. दिवसा बरा असायचा, रात्री मात्र झोप नाही. मी घरचं निदान केलं, उष्णता! सब्जा झाला, धण्याचं पाणी झालं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून एक मलम आणलं, ते संपल्यावर दुसरं, मग तिसरं. महिना-सव्वा महिन्यानं सूनबाई खाजवायला लागली, पाठोपाठ मी. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून नातवाची बोटं पाहिली आणि म्हणाले, "आजी, खरूज आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज अंघोळ करून मंदिरात जाणारं आमचं घर, आणि खरूज? शेजारी कळलं तर काय म्हणतील, हाच विचार आधी आला. त्या लाजेपोटीच मग या रोगाचा इतिहास वाचायला बसले. त्यात जे सापडलं ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना.

खरूज एका किड्यामुळे होते. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. हे आज शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. पण युरोपातले वैद्य शेकडो वर्षं मानत होते की शरीरातले द्रव बिघडले, रक्त दूषित झालं की खरूज उठते. मग रक्त काढा, जुलाब द्या. माझं "उष्णता" म्हणणं काही फार वेगळं नव्हतं!

1687 साली इटलीतल्या लिव्होर्नो शहरात बोनोमो नावाच्या तरुण वैद्यानं आणि चेस्तोनी या औषध विकणाऱ्यानं एक गोष्ट नीट पाहिली. गरीब बायका आपल्या खरूज झालेल्या मुलांच्या कातडीतून सुईच्या टोकानं काहीतरी बारीक काढत आणि उवेसारखं नखावर चिरडत. या दोघांनी तो कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तो चालणारा जीव निघाला. अंडं घालतानाही त्यांना दिसला. बोनोमोनं फ्रान्चेस्को रेदी या मोठ्या विद्वानाला पत्र लिहून कळवलं की खरजेचं कारण हा किडा आहे, तेव्हा औषध बाहेरून, कातडीवरच लावायला हवं. पण पोपचे वैद्य लान्चिसी यांना ते पटलं नाही. मोठ्या माणसापुढे बोनोमो गप्प बसला आणि विषय मागे पडला.

पुढची गंमत पॅरिसची. 1812 मध्ये सँ लुई रुग्णालयातल्या गालेस यानं किडा सापडल्याचं जाहीर करून त्याची चित्रंही छापली. इतरांना मात्र तो सापडेना. पुढे उघड झालं की चित्रं चीजमधल्या किड्याची होती! त्यामुळे खरजेला किडा असतो हेच खोटं, असं डॉक्टर म्हणू लागले. अखेर 1834 मध्ये रेनुची नावाच्या विद्यार्थ्यानं त्याच रुग्णालयात सगळ्यांसमोर सुईनं किडा काढून दाखवला. तो कोर्सिका बेटाचा. तिथल्या खेड्यातल्या बायकांना हे काम करताना त्यानं पाहिलं होतं. डॉक्टर शोधत होते पाण्याच्या फोडांत, आणि किडा असतो बोगद्याच्या टोकाला. एवढीच गोष्ट त्या बायकांना ठाऊक होती आणि डॉक्टरांना नव्हती. त्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

तिसरी हकीगत दुसऱ्या महायुद्धातली, आपल्याला जवळची वाटावी अशी. ब्रिटनमध्ये सैनिकांत खरूज फार पसरली होती. सैन्य घोंगड्या निर्जंतुक करण्यावर मोठा खर्च करत होतं. 1941 मध्ये शेफिल्डला केनेथ मेलनबी यांनी प्रयोग केले. त्यासाठी पुढे आले ते अहिंसेच्या तत्त्वापोटी बंदूक धरायला नकार देणारे तरुण. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले आतले कपडे त्यांनी घातले, त्यांच्या घोंगड्यांत झोपले. तरी लागण अगदी थोड्यांनाच झाली. रोग्याशेजारी एकाच बिछान्यात झोपल्यावर मात्र ती झाली. त्यातले काही जण महिनोन् महिने उपचाराविना खाज सोसत राहिले. त्यातून कळलं की पहिल्या लागणीत महिनाभर खाज येतच नाही, आणि साधारण रोग्याच्या अंगावर सरासरी अकरा-बाराच किडे असतात. म्हणजे खरूज अस्वच्छतेनं होत नाही. ती जवळ झोपल्यानं, हातात हात धरल्यानं, लेकराला कुशीत घेतल्यानं होते. हे वाचलं आणि माझी मान पुन्हा वर झाली.

आता ओळख आणि उपाय. रात्री वाढणारी खाज, बेचक्या, मनगट, काख, बेंबी आणि कंबर या जागा, आणि घरात एकाहून जास्त जणांना त्रास, या तीन खुणा जुळल्या तर खरजेचा संशय घ्या. गोल कडेचा चट्टा बहुधा गजकर्णाचा असतो, त्याचं औषध वेगळं. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. त्यानं खाज थांबते, पण खुणा झाकल्या जातात आणि रोग आत पसरत राहतो. आमचं तसंच झालं.

डॉक्टरांनी पर्मेथ्रिन पाच टक्के मलम दिलं. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावायचं, सकाळी अंघोळ, आणि सात दिवसांनी पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. इथे काटकसर करू नका, एक जण राहिला की सगळा खर्च वाया. गर्भार बाई किंवा तान्हं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांना बरेचदा जुनं स्वस्त गंधकाचं मलम देतात. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही ते पिशवीत बांधून चार दिवस बाजूला ठेवा, माणसाच्या अंगाविना किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. किडे मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते. घाबरून रोज मलम लावू नका.

माझ्या सासूबाईंनी विचारलं, "अगं, पण जीवच ना ते?" प्रश्न खरा होता. मी म्हटलं, मारण्याच्या हेतूनं आपण हे करत नाही, लेकराच्या रक्षणासाठी करतोय. शिवाय उशीर केला तर आणखी जीव जन्मतील आणि आणखी मरतील. त्यांनी क्षणभर विचार केला आणि स्वतः हात पुढे केला मलमासाठी.

मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेबाची वही अजून लिहिते. तीन चुकीची मलमं आणि खाजेच्या गोळ्या यांचा खर्च खऱ्या औषधाच्या दुपटीहून जास्त निघाला. सरकारी दवाखान्यात गेलो असतो तर त्याहून कमी झाला असता. तो जास्तीचा खर्च मी वहीत "लाज" या नावाखाली मांडला आहे. तुमच्या वहीत ते खातं उघडू नका.