कलाभवनाची शिकवण

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांचे स्मरण आजही आदराने होते. मात्र त्या स्मरणात ग्रंथालये आणि संगीत यांना जेवढी जागा मिळते तेवढी कलाभवनाला मिळत नाही, असे आम्हांस वाटते. तंत्रशिक्षण कोणासाठी, हा प्रश्न बडोद्याने १८९० मध्येच हाती घेतला होता.

त्या वर्षी कलाभवन सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेच्या सुतार घराण्यातले, रसायनशास्त्राचे मोठे जाणकार. रुडकी आणि पुणे येथील अभियांत्रिकी शिक्षण मुख्यतः सरकारी बांधकाम खात्याला माणसे पुरविण्यासाठी उभे राहिले होते. गज्जरांची दृष्टी निराळी होती. पिढीजात कारागिराच्या मुलाच्या हातात कसब असते. इंग्रजीची अट घातली तर तो उंबरठ्यावरच थांबतो. म्हणून त्यांनी गुजरातीतून शिकविण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी पुस्तके तयार करविली. रंगाई, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय तेथे शिकविले जात. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. पुढे १९०७ मध्ये गज्जरांच्या साहाय्याने कोटीभास्कर आणि अमीन यांनी ‘अलेंबिक’ कारखाना उभारला.

भाषेची अडचण दूर झाली, तरी जातीची भिंत उरलीच. महाराजांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या, १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले. परंतु १९१७ मध्ये ते संस्थानाच्या नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले, तेथूनही त्यांना निघावे लागले. त्या काळी बडोद्याच्या कचेऱ्यांत मराठी मंडळी मोठ्या संख्येने होती. या प्रसंगाकडे आपण परक्याची गोष्ट म्हणून पाहू शकत नाही.

१९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखेत सामावले गेले. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी, गुजरातीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास वाट मोकळी केली. गज्जरांचा विचार एकशेतीस वर्षांनी देशाच्या धोरणात आला, याचा आम्हांस आनंद आहे.

तथापि भाषा आणि राखीव जागा मुलाला वर्गापर्यंत पोहोचवितात. वर्ग सुटल्यावर त्याला गावात राहावे लागते. शिष्यवृत्ती राजाने दिली होती. खोली द्यावयाची होती ती गावाने. दूरगावाहून शिकावयास आलेल्या मुलामुलींना आपल्या वाड्यांतील खोल्या भाड्याने देताना आडनाव विचारण्याची रीत आपण सोडली आहे काय, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरापुरते द्यावे.