संगणकसमूहाची पूर्वतयारी

पारोळ्याचा भुईकोट किल्ला पाहावयास गेलेल्या मनुष्याची नजर प्रथम तटावर जाते. पन्नास घरांच्या खेड्याची तटबंदीची पेठ करणारे जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनीं तो १७२७ सालीं बांधविला, असें मानतात. भोंवतीं खंदक, दारापाशीं उचलता पूल, बाजूंस भक्कम बुरूज. खानदेशांतील भुईकोटांत त्याला वरचें स्थान देतात तें उगाच नव्हे. परंतु नुसत्या तटानें किल्ला उभा राहतो, नांदत नाहीं. पाण्याची सोय हवी, आल्यागेल्याची चौकशी करणारा पहारेकरी हवा, कोण कोठें राहतो याची टिपणी हवी, घटका मोजून टोल देणारा हवा. हीं माणसें कामाला लागलीं म्हणजे मग शिबंदी आंत येते. इतिहासांत मात्र नांव उरतें तें तट बांधणाराचें.

संगणकांच्या इतिहासांतहि हाच अन्याय घडला आहे. किती यंत्रें जोडलीं, तीं सेकंदास किती गणितें करितात, हे आंकडे सर्वतोमुखीं असतात. त्या यंत्रांस एकमेकांची ओळख कोणीं करून दिली, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर या विद्येचें माहेर पुणें. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हां १९८८ सालीं तेथें ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली आणि वऱ्हाडांतील मुरंबा गांवीं जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. एकच राक्षसी यंत्र न बांधतां अनेक लहान गणकांकडून एक मोठें काम वांटून करवून घ्यावयाचें, ही त्यामागची युक्ति. पुढें १९९४ सालीं अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेंत थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनीं बाजारांत मिळणारीं सोळा साधीं यंत्रें जोडून तीच युक्ति स्वस्तांत साधून दाखविली, आणि ज्यांस ‘क्लस्टर’ म्हणतात असे समूह जगभर उभे राहूं लागले. २००७ च्या नोव्हेंबरांत टाटांचा पुण्यांतील ‘एका’ हा समूह जगांत चौथा ठरला. त्यांत सुमारें अठराशें सर्व्हर होते.

सर्व्हर म्हणजे शब्दशः सेवक. पण या सेवकांस कामाला लावण्यापूर्वीं त्यांचीच कांहीं सेवा करावी लागते. नांव, पत्ता, वेळ आणि दार, या चार गोष्टींची व्यवस्था आधीं झाली नाहीं तर अठराशें यंत्रें म्हणजे अठराशें मुके पेटारे.

पत्त्याचेंच घ्या. कोरें यंत्र सुरू होतें तेव्हां आपला पत्ता त्याला ठाऊक नसतो. तें जाळ्यावर सर्वांस उद्देशून हांक मारतें, आणि त्याच कामासाठीं बसविलेलें दुसरें यंत्र त्याला पत्ता देतें व पुढील सूचना कोठें मिळतील तें सांगतें. या संभाषणाची रीत बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनीं १९८५ सालीं बांधून दिली. १९९३ सालीं तिला ‘डी.एच.सी.पी.’ हें रूप आलें, त्यांत पत्ता मुदतीनें उसना देण्याची सोय झाली. नांवांची कथा याहून जुनी व अधिक मौजेची आहे. आरंभीं साऱ्या जाळ्यांतील यंत्रांचीं नांवें एकाच यादींत असत. ती यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत एलिझाबेथ फाइनलर या बाईंचें पथक राखी, आणि इतर सर्वांनीं ती उतरवून घ्यावयाची. यंत्रें वाढलीं, यादी पुरेना. म्हणून १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवांचें काम अनेकांत वांटणारी ‘डी.एन.एस.’ पद्धति आंखली. घड्याळें जुळविण्याची रीत डेव्हिड मिल्स यांची, १९८५ ची. घड्याळें थोडीं मागेंपुढें झालीं तर काय बिघडलें, असें कोणास वाटेल. परंतु यंत्रें एकमेकांस ओळखपत्रें दाखवितात, त्यांवर मुदत असते, आणि घड्याळ चुकलें कीं खरें ओळखपत्रहि खोटें ठरतें. चौथें तें दार: बाहेरून येणारें काम कोणत्या सेवकाकडे धाडावयाचें हें ठरविणारा भारवांटप्या.

हें सारें हातानें करावयाचें तर काय होईल ? एका यंत्रास दहा मिनिटें धरलीं तरी अठराशें यंत्रांस तीनशें तास लागतात. बरें, शेवटचें यंत्र पहिल्यासारखेंच लागलें असेल याचा भरंवसा नाहीं.

याला खरा उतारा सुचला तो ऑस्लो विद्यापीठांतील मार्क बर्जेस यांस, १९९३ सालीं. त्यांच्या ‘सी.एफ.इंजिन’ मधील विचार घरगुती दाखल्यानें सांगतां येईल. ‘विहिरीवरून चार घागरी आण’ ही एक आज्ञा झाली. ‘रांजण भरलेला असावा’ ही दुसरी. पहिली दोनदां दिली तर पाणी सांडेल. दुसरी कितीहि वेळां दिली तरी बिघाड नाहीं. रांजण रिता असेल तेवढाच भरला जाईल. कृति न सांगतां स्थिति सांगावयाची, हें त्याचें मर्म. २००५ चें ‘पपेट’ आणि २०१२ चें ‘ॲन्सिबल’ हीं साधनें याच वाटेनें गेलीं, आणि जें ज्ञान एखाद्या जुन्या जाणत्याच्या डोक्यांत असे तें लेखी मजकुरांत उतरलें. तो जाणता नोकरी सोडून गेला कीं समूह पोरका होई, तें संकट टळलें. हा लाभ वेळेच्या बचतीहून मोठा मानला पाहिजे.

एक पेंच मात्र उरतोच. इतरांस पत्ता देणाऱ्या यंत्रास पत्ता कोणीं द्यावा ? नांवें सांगणाऱ्याचें नांव कोणाला विचारावें ? येथें गवंड्याचीच युक्ति कामास येते. कमान बांधतांना खालीं लांकडी आधार देतात व माथ्याचा दगड बसला कीं तो काढून घेतात. त्याचप्रमाणें ‘ओपनशिफ्ट’ सारखा समूह उभारतांना एक तात्पुरतें यंत्र आधीं हातानें लावीत. मुख्य यंत्रें सांवरलीं कीं तें मोडून टाकावयाचें.

आणि लेखी आज्ञेंत चूक असेल तर ती एका यंत्रावर राहत नाहीं, सर्वांवर एकदम उमटते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं ‘फेसबुक’ कंपनींत नित्याच्या देखभालीच्या वेळीं दिलेल्या एका आज्ञेनें तिच्या संगणकगृहांस जोडणारे सारे दुवे तुटले. अशी आज्ञा अडविण्यासाठीं ठेवलेल्या तपासणीच्या साधनांतच दोष होता, म्हणून ती अडली नाहीं. मुख्य जाळ्याशीं संबंध तुटलेला पाहून नांवांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रांनीं, त्यांस नेमून दिल्याप्रमाणें, आपल्याकडे येण्याचे मार्ग जगाला कळविणें बंद केलें. जगाच्या दृष्टीनें त्या कंपनीचें नांवच पुसलें गेलें. दुरुस्तीचीं साधनेंहि त्याच नांवांवर विसंबलेलीं. तींहि निकामी झालीं. शेवटीं माणसांना प्रत्यक्ष संगणकगृहांकडे धाडावें लागलें. तेथील पहारा इतका कडक कीं, आंत शिरून यंत्रांपर्यंत पोंचण्यांतच बराच वेळ गेला. सारें सुरळीत होईपर्यंत सुमारें सहा तास लोटले होते.