बांधकाम चालू आहे

आमच्या घराण्यात स्वतःचं घर असं कुणी बांधलंच नाही. आजोबा वाड्यात बिऱ्हाडकरू, वडील सरकारी क्वार्टर्समध्ये आणि आम्ही कर्जाच्या ब्लॉकात. म्हणजे घर बँकेचं, गळती आमची. त्यामुळे १९९८ साली भाचा येऊन म्हणाला, "मामा, इंटरनेटवर फुकट जागा मिळते, घर बांधून टाका," तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारला, "पाण्याचं काय?"

या घरबांधणीचं मूळ अमेरिकेत. १९९४ साली डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर या दोघांनी कॅलिफोर्नियात 'बेव्हर्ली हिल्स इंटरनेट' नावाची कंपनी काढली. तिचंच पुढे जिओसिटीज झालं. आपण कुठेतरी राहतो आहोत असं लोकांना वाटावं, म्हणून यांनी चक्क पेठा पाडल्या. सिनेमावाल्यांनी हॉलिवूडमध्ये राहावं, कॉम्प्युटरवाल्यांनी सिलिकॉन व्हॅलीत, तत्त्वज्ञांनी अथेन्समध्ये आणि उडत्या तबकड्यांच्या भक्तांनी एरिया ५१ मध्ये. रिकामा प्लॉट बघायचा, घरनंबर घ्यायचा, की झालात मालक! पेठेवर देखरेखीला बिनपगारी स्वयंसेवक. सोसायटीचा सेक्रेटरी ही जात अमेरिकेतही आहे, हे वाचून आम्हाला उगीचच बरं वाटलं.

आमचं घर अशाच दुसऱ्या एका फुकट वसाहतीत उठलं. थाट तोच. मागे चांदण्यांचं आकाश, उघडझाप करणारी अक्षरं, पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही, किती जण येऊन गेले ते मोजणारा आकडा. आणि दारात पिवळी पाटी, 'बांधकाम चालू आहे', शेजारी फावड्याने खणणारा मजूर. ही पाटी त्या काळी घरोघर असे. घर पुरं झाल्याचं मात्र आम्ही कुठे पाहिलं नाही.

घरात ठेवलं काय? वडिलांच्या बदल्यांच्या गावांच्या आठवणी. त्यांनी वहीत लिहायचं, भाच्याने टाइप करायचं. अडचण एकच. त्या वेळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी अक्षरं बसवत. तोच फॉन्ट पाहुण्याकडे नसला, की खुर्च्या तेवढ्या दिसत. नागपूरच्या मावसभावाने फोन करून विचारलं, "अरे, शिव्या कुठल्या भाषेतल्या आहेत?"

वडील रोज संध्याकाळी विचारत, "आज किती जण आले?" आम्ही आत जाऊन पान आठ-दहा वेळा उघडत असू. आकडा वाढे. "चौदा," आम्ही सांगत असू. "चांगलंय," म्हणून ते पुढचं गाव लिहायला घेत.

तिकडे १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज सुमारे ३५७ कोटी डॉलरच्या भावात घेतली. घेतल्याबरोबर नियम काढला, की तुम्ही घरात जे ठेवाल त्यावर आमचा हक्क. रहिवासी खवळले, कित्येकांनी घरांचे रंग पुसून ती करडी करून टाकली. आमच्या वाड्यात नळ बंद पडला तरी एवढी एकी झाली नव्हती. याहूला नियम मागे घ्यावा लागला. पण २६ ऑक्टोबर २००९ ला अमेरिकेतली सगळी वसाहतच उठली. जपानमधली तेवढी २०१९ पर्यंत टिकली. शेवटच्या दिवसांत 'आर्काइव्ह टीम' नावाच्या हौशी मंडळींनी रात्रंदिवस खपून जमतील तेवढी पानं उतरवून घेतली. कुणाची कोण माणसं, पण त्यांच्या मांजरांचे फोटोसुद्धा वाचवले.

आमची वसाहत कधी उठली ते आम्हाला कळलंही नाही. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आणि वह्या? घर बदलताना आम्हीच रद्दीत घातल्या. सौ. म्हणाली होती, "निदान एक तरी ठेवा." आम्ही ऐटीत म्हणालो, "कशाला? इंटरनेटवर आहे ना!"

मागच्या वर्षी भाच्याने इंटरनेट आर्काइव्हमध्ये शोधून आमचं पान काढलं. फक्त पहिलं. गावांच्या नावांवर टिचकी मारली, तर पुढे काही नाही. आकड्याच्या जागी रिकामा चौकोन. तो फॉन्ट आता आमच्याही मशीनवर नाही, त्यामुळे वडिलांचं नाव आम्हालाच वाचता येईना. पाटी तेवढी शाबूत होती. मजूर अजून खणतोय. काम बंद झाल्याचं त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.